पितळी चोचीचा पाचवा घास

एका राज्यात (नाव विचारू नका, घेतलं की माझी जीभ कडू होते) बाजाराच्या वेशीवर पितळी चोचीचं एक गिधाड बसे. राजाच्या आजोबानं एका मांत्रिकाचा खजिना लुबाडला, तेव्हा मांत्रिकानं शाप दिला होता, "या खजिन्याचं गिधाड होईल. राज्यातल्या प्रत्येकाला सारखाच झोंबेल असा घास मिळेतो त्याची भूक भागणार नाही." दरबारच्या शहाण्यांनी तोड काढली: जो जे विकत घेईल, त्यातला दहावा हिस्सा गिधाडाचा. झाला सर्वांना सारखा! अकलेचे कांदे मेले.

भूक काही भागेना. मग राजानं दवंडी पिटवली, "आजपासून पाचवा हिस्सा."

येसू बुरडीण दिवसभर सुपं विणी, मिळालेल्या पैशाचं पीठ घेई आणि दिवे लागायच्या आत ते संपे. नवरा वारलेला, पदरात चार महिन्यांची लेक. पाचवा हिस्सा जाऊ लागला आणि विसाव्या दिवशी येसूचं दूध आटलं. पोर नुसती चोखायची आणि टाहो फोडायची. येसूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजा गिधाड बघायला वेशीवर आला, तशी ती पोरीला पाठीशी बांधून पालखीला आडवी झाली.

"महाराज, माझ्या लेकीच्या तोंडचं काढून या पाखराला घालता?"

"बाई, कर सर्वांना सारखा आहे. आम्हीही देतो."

"देता खरं, पण तुम्हाला कळतं तरी का?"

राजा लाल झाला. तोच गिधाड बोललं, "राजा, थांब. बाई, तीन आळ्या फीर. खालची, मधली, वरची. माझ्या घासापायी कुठे काय झालं, त्याची खूण आण."

"आण," राजा म्हणाला. "नाही आणलीस तर जीभ छाटू."

खालच्या आळीत शेजारणीनं चुलीतली गार राख दिली. "सकाळची चूल बंद केली गं, येसू."

मधल्या आळीत तेलिणीनं दंड घातलेलं लुगडं दिलं. "यंदा सणाला नवं नाही."

वरच्या आळीत माणिकशेट जोहरी लोडाला टेकून बसले होते. "कर? कसला कर? दिवाणजी, आपण देतो काही?"

"देतो, शेटजी. पण आपण खाऊन खाऊन खाणार किती? शेतांचा खंड येतो तो परस्पर कोठारात. तो वेशीखालून जातच नाही."

येसूनं कोठारात डोकावलं. आढ्यापर्यंत धान्य, आणि त्याला टोके लागलेले! तिच्या घशाशी हुंदका आला आणि शिवीही आली. शिवीच बाहेर पडली. दिवाणजी तोंड वासून बघत राहिले आणि ती किडका दाणा मूठभर घेऊन निघाली.

तिन्ही खुणा तिनं गिधाडापुढे मांडल्या. गिधाडानं राख हुंगली, लुगडं चाचपलं, किडक्या दाण्याला चोच लावली आणि असं ओरडलं की वेस हादरली.

"राजा! हा तुझा सारखा घास? हिचं दूध आटलं आणि त्या शेटला पत्तासुद्धा नाही!"

गिधाड उडालं ते थेट माणिकशेटच्या कोठारात, तिथून राजाच्या. शेट छाती बडवू लागले. राजाही रडकुंडीला आला. आता झोंबला ना घास? सातव्या दिवशी गिधाडानं ढेकर दिली, पंख झटकले आणि त्याच्या जागी सोन्याची रास पडली. राजानं ती मांत्रिकाच्या वंशात पोचती केली. पिठावरचा कर उठला, कोठारांवर बसला. खालच्या आळीत सकाळच्या चुली पुन्हा पेटल्या.

आठवडाभरात येसूला पान्हा फुटला. राजा स्वतः तिच्या दाराशी आला. पोर छातीशी होती.

"येसू, न्याय झाला. आता तरी राग गेला?"

"माझ्या लेकीचे उपाशी दिवस परत द्या," येसू म्हणाली, "मग जाईल."

राजानं मान खाली घातली. येसूनं पोरीला दुसऱ्या अंगावर घेतलं आणि दार लावून घेतलं.