तिसरा आकडा

“म्हणजे, प्रयोगशाळा नाहीच?”

वैदर्भीने विचारलं आणि पडवीभर पुन्हा एकदा नजर फिरवली.

जर्मनीत असताना तिने या टेकडीवरच्या मठाचं चित्र मनाशी रंगवून ठेवलं होतं. रसायनशास्त्राचा नावाजलेला प्राध्यापक सगळं सोडून इथे येतो, बुवा होतो, मुलींची शाळा काढतो... मग काचेची भांडी लखलखत असणार, कपाटं छताला टेकलेली असणार आणि पांढऱ्या दाढीचे नागनाथबुवा आपल्याशी तासभर संशोधनावर बोलणार.

प्रत्यक्षात होती सारवलेली पडवी, भिंतीवर एक फळा आणि कोपरापर्यंत खोबरेल चोपडून फणस फोडत बसलेले बुवा. दाढी नव्हतीच.

“गरा खा,” बुवा म्हणाले. “कापा आहे. चिकट नाही.”

तिने खाल्ला. गोड होता, त्यामुळे तिला थोडा रागच आला.

“बुवा, मला इथे शिकवायचंय. या मुलींना असं रसायनशास्त्र शिकवीन, की जगात कुठेही गेल्या तरी अडणार नाहीत. त्यासाठी मी सगळं सोडायला तयार आहे.”

“सगळं?”

“सगळं.”

“बापरे,” बुवा म्हणाले. “आतापर्यंत काय काय सोडलंस?”

“तिकडची नोकरी सोडली. आणि ते शहर. फार जीव जडला होता त्या शहरावर.”

“जड गेलं?”

“नोकरी पटकन सुटली. शहराला जास्त वेळ लागला.”

बुवांनी हात पुसले, खडू उचलला आणि फळ्यावर एकाखाली एक लिहिलं. सव्वासातशे. दीड हजार.

“किलोज्यूल. अणूकडून पहिला इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागलेली ऊर्जा, मग दुसऱ्याला लागलेली. धातू ओळखा, डॉक्टरीणबाई.”

वैदर्भी हसली. हे तर तिच्या हातचं होतं.

“मॅग्नेशियम.”

“नक्की?”

“डोळे मिटून सांगते.”

“मग जरा उघड.”

तिने फळ्याकडे पाहिलं... आणि कपाळावर हात मारला.

“मँगनीजसुद्धा असेल. दोघांचे पहिले दोन आकडे जवळजवळ सारखेच.”

“पहिल्या वर्षाची पोरं इथेच पडतात,” बुवा खुशीत म्हणाले. “तू डॉक्टरेट घेऊन पडलीस. मग ओळखायचं कसं?”

“तिसरा आकडा द्या.” आता ती रंगात आली. उठून फळ्यापाशी गेली. “मॅग्नेशियम पहिले दोन सहज देतं. बाहेरच्या कवचात दोनच असतात. तिसरा मागितला, की हात आतल्या भरलेल्या कवचाला लागतो. एकदम पावणेआठ हजार! भिंतच. मँगनीजचं तसं नाही. ते संक्रमण धातूंतलं. दोन दिल्यावरही त्याच्याकडे देण्यासारखं उरलेलं असतं. तिसरा सव्वातीन हजार, चौथा पाच हजारांच्या आसपास... दर वेळी आधीपेक्षा जड, पण देत राहतं. सातव्यापर्यंत भिंत येत नाही.”

“वा. छान शिकवतेस.”

“मग ठेवून घेताय ना मला?”

बुवा पुन्हा फणसाकडे वळले.

“तिसरा आकडा तर द्या,” ती म्हणाली. “हा धातू कुठला?”

“मला कुठे ठाऊक? आकडे तुझे आहेत.”

“माझे?”

“नोकरी. शहर.”

वैदर्भीने वळून फळ्यावरच्या दोन आकड्यांकडे पाहिलं.

“आता तिसरं मागतो,” बुवा म्हणाले. “वर्षभर वर्गात बसायचं. मागे, मुलींच्या रांगेत. शिकवायचं नाही.”

“शिकवायचं नाही?”

“एक अक्षर नाही.”

“अहो, मग मी आले कशाला?”

“तेच बघायचंय.”

“बुवा, दुसरं काहीही मागा. झाडलोट करीन, पाणी भरीन.”

“ते तू हसत देशील. सव्वासातशेसुद्धा लागायचे नाहीत.”

शिकवणं काढून घेतलं, तर आपल्याजवळ उरतं काय, हे तिला खरंच सांगता येईना.

“सकाळची एसटी साडेसातला सुटते,” बुवा म्हणाले, अगदी मायेने. “चांगली गाडी आहे. खिडकी मिळते.”

सकाळी पायथ्याशी हॉर्न वाजला, तेव्हा वैदर्भी बॅग खांद्याला लावून पायऱ्यांवर उभी होती. ड्रायव्हरने तिला पाहून आणखी एकदा वाजवला. पडवीत मुली सतरंजी अंथरत होत्या, कुणीतरी कुणाची वेणी ओढली होती, त्यावरून कलकलाट चालला होता.

तिने खाली ड्रायव्हरला हात केला. जा, तुम्ही निघा.

मग बॅग खुंटीला अडकवली आणि सर्वांत मागे जाऊन मांडी घातली.

“ताई, तिथं ओल येते,” एक मुलगी सरकत म्हणाली. “हिकडं बसा. पण पुढचीची वेणी ओढायची नाही. बुवा उठवतात.”

“नाही ओढणार,” वैदर्भीने कबूल केलं.

बुवा आले. तिच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. फळ्यावर कालचे दोन आकडे तसेच होते. त्यांच्याखाली त्यांनी सावकाश तिसरा लिहिला.

सव्वातीन हजार.

मुलींना काही कळलं नाही. मागून मात्र हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना.

बुवा वळले.

“हसून घे,” ते म्हणाले. “चौथा पाच हजारांचा आहे.”