मायाक्काच्या चार ओव्या

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. मिनिट म्हणजे काय, हे खडकमाळावर कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हाची. त्या माळावर मायाक्का नावाची म्हातारी धनगरीण राहायची. माणसांची औषधं तिला फारशी येत नसत, पण कुत्र्याच्या श्वासावरून ती त्याचं दुखणं ओळखायची, असं म्हणतात.

त्याच माळावर धुळा मेंढरं राखायचा. त्याचा कुत्रा टिक्क्या. धुळ्यानं त्याला मेंढीच्या दुधावर वाढवला होता आणि पोटच्या पोरासारखा जपला होता. माळावर लांडगे उदंड, तेव्हा टिक्क्या गेला की मेंढरंही गेलीच.

पौष महिन्यात टिक्क्या बाभळीखाली निजला की त्याची बरगडी भराभर वर-खाली व्हायला लागली. धुळा कौतुकानं सांगत सुटला, की माझं कुत्रं झोपेतसुद्धा लांडग्यामागं पळतंय. तीन दिवस तो भेटेल त्याला हेच ऐकवत होता.

मायाक्काच्या कानावर ते गेलं, तशी ती काठी टेकत आली. धुळा कुत्र्याला उठवायला गेला, तर तिनं त्याला दटावलं. जागं जनावर धन्याला बघून हुरळतं, श्वास निजलेल्याचाच मोजावा, असं तिचं म्हणणं. मग तिनं जात्यावरच्या चार ओव्या सावकाश म्हटल्या आणि बरगडी उठेल तसा एकेक खडा खाली टाकला. धडधाकट कुत्र्याचे पंधरा-वीस खडे पडत, फार तर तीस. टिक्क्याचे पन्नास पडले.

धुळ्यानं ऊन, थकवा, स्वप्न, सगळी कारणं पुढं केली. पण पौषात सावलीला कसलं ऊन? कुत्रा तर सकाळपासून जागचा हलला नव्हता. आणि स्वप्नात पाय झाडले, तरी श्वास घडीभरात ताळ्यावर येतो. मायाक्का थोडं थांबली, पुन्हा ओव्या म्हटल्या. पुन्हा पन्नास.

"पळून आल्यालं कुत्रं धापलं तर पानी दे," ती म्हणाली. "निजल्यालं धापलं तर मला हाक मार. तीन दिस काय करत हुतास?"

धुळा टिक्क्यापाशी येऊन बसला. आपण ज्याची फुशारकी मारली, ते टिक्क्याचं दुखणं होतं, हे कळून त्याला रडू आलं.

मायाक्कानं कुत्र्याच्या बगलेतले केस बाजूला केले. तिथं रानडुकराच्या सुळ्याची जखम आतून पिकली होती. तिनं ती फोडली, कडुनिंबाच्या पाण्यानं धुतली. मग ती टिक्क्याला पाठ लावून बसली आणि त्याची धाप तिनं आपल्या छातीत ओढून घेतली, असं म्हणतात. दिवस मावळेपर्यंत म्हातारी धापत होती आणि कुत्रा निवांत निजला होता. धुळ्यानं स्वतः ओव्या म्हणून मोजलं. अठरा खडे.

ती धाप मायाक्काला पुढं कायमची राहिली. कुणी विचारलंच, तर वय झालं, एवढंच सांगायची.

आता खडकमाळावर घरोघरी मोबाईल आहेत, आणि त्या चार ओव्यांना बरोबर एक मिनिट लागतं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तरी निजलेल्या कुत्र्याची बरगडी जास्त हलताना दिसली, की माणूस शेजारी बसून चार ओव्या म्हणतो. कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्या किंवा निळ्या दिसल्या, तर मोजत बसत नाहीत, तडक गुरांच्या डॉक्टरकडे नेतात. खडे तिसाच्या आत राहिले, तर उठताना म्हणतात, "आक्का, बरं हाय."

दुसऱ्यांदा मोजूनही जास्तच पडले, तर कुत्र्याला उचलून गुरांच्या डॉक्टरकडे निघतात. निघताना दारातून हाक मारतात, "आक्का, चल."