फळ्यावरची चूक

"म्हणजे मुलंच ढ आहेत, असं म्हणायचंय तुला?" नेरूरकर सरांनी विचारलं.

"ढ कसले सर, दगड आहेत दगड! तास संपला की विचारते, काही शंका? एकजण तोंड उघडेल तर शपथ. आणि माझं शिकवणं कसं, तर फळ्यावर एक चूक सापडायची नाही."

कॉलेजात गणित शिकवणाऱ्या वृंदाने सोमवारी राजीनामा द्यायचं ठरवलं होतं. त्याआधी आपल्या जुन्या सरांना एकदा भेटावं, म्हणून ती सावंतवाडीला आली होती.

"एकसुद्धा चूक नाही?"

"एकसुद्धा नाही."

"अरेरे..." सर म्हणाले.

वृंदा मनातून चिडली. सरांनी तरी हे बोलू नये! त्यांच्या वर्गात दोन-चार दिवसांआड फळ्यावर काहीतरी चुकायचंच. ती चूक आपल्याला आधी सापडावी म्हणून अख्खा वर्ग डोळ्यांत तेल घालून बसायचा, आणि बहुतेकदा सापडायची ती वृंदालाच. मग सर खडू तिच्या हातात द्यायचे आणि स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसायचे. सरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, हा ताठा तेव्हाचा. वृंदाबाईंनी तो आजवर नीट जपला होता.

सर उठले. पडवीतल्या जुन्या फळ्यावर त्यांनी एक गणित मांडलं आणि सोडवायला घेतलं. तिसऱ्या ओळीत दोन मायनसचा गुणाकार आला. सरांनी लिहिलं, मायनस.

"सर, प्लस! मायनस मायनस प्लस!" वृंदा ताडकन उठली.

सरांनी खडू पुढे केला.

तिने चूक पुसली, गणित पुरं केलं, उत्तराखाली रेघ ओढली आणि मागे वळली. सर तिच्या खुर्चीत बसले होते. हाताची घडी, मान जराशी कललेली, गालातल्या गालात हसू...

हे हसू तिच्या ओळखीचं होतं. कॉलेजात शिकत असताना तिला वाटायचं, सर ओशाळलेत.

"सर... त्या सगळ्या चुका..."

सरांनी बोटांवरची खडूची पूड झटकली.

"माझ्यासाठी करायचात?"

"तुझ्या एकटीसाठी कशाला? वर्ग भरलेला असायचा."

वृंदाचे डोळे भरून आले. ज्यांना ती मनातल्या मनात कमी लेखत आली, त्यांनीच तिला हात धरून फळ्यापाशी उभं केलं होतं. ती वाकली. सरांच्या पाया ती पूर्वीही पडली होती, पण मनापासून आजच.

"सोमवारी वर्गावर जाते, सर," ती डोळे पुसत म्हणाली. "फळ्यावर चुकून बघते. पण मला ते जमेल का हो?... तुम्ही इतक्या सगळ्या चुका मुद्दाम कशा करायचात?"

"सगळ्या?" सर म्हणाले. "छे गं. निम्म्या तर खऱ्याच होत्या."