महाराजांचं गाणं आणि दिवाणजींचा कायदा

रायवडीचे महाराज मनाचे मोठे, पण गळ्याचे बेसूर. प्रजेवर भारी जीव, म्हणून त्यांनी संस्थानाला घटना दिली आणि तिच्यात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'प्रत्येकाला निर्भयपणे मत देता येईल.' पहिल्याच निवडणुकीत दिवाणजींचा मेहुणा उभा राहिला. लगेच दिवाणजींनी कायदा काढला: मत भर दरबारात, हात वर करून द्यायचं.

वकील अंबूताई खांबेटे यांनी हा कायदा घटनेविरुद्ध आहे म्हणून दाद मागितली. सुनावणी खुद्द महाराजांपुढे.

"प्रामाणिक माणसाला लपवायचंय काय?" दिवाणजी गरजले.

अंबूताई दरबाराकडे वळल्या. "काल महाराज गायले. कुणाकुणाला आवडलं?"

सगळे हात वर. दिवाणजींचे तर दोन्ही!

मग अंबूताईंनी पडद्यामागे एक मडकं ठेवलं. गाणं आवडलं असेल त्यानं चणा टाकायचा, नसेल त्यानं खडा. एकेक जण आत जाऊन आला. महाराजही गेले, राणीसाहेबही.

मडकं उपडं केलं, तर खड्यांचा ढीग आणि एकच चणा.

महाराजांनी तो उचलून राणीसाहेबांकडे प्रेमानं पाहिलं. "निदान तुम्ही तरी!"

"अहो, तो आपणच टाकलात ना?" राणीसाहेब पदराआड हसल्या.

महाराज पोट धरधरून हसले. "दिवाणजी, तुमचे ते दोन्ही हात कुठे गेले? कायदा रद्द! यापुढे मत पडद्याआड."

"आणि गाणं?" राणीसाहेबांनी हळूच विचारलं.

"ते दार लावून."