समुद्राची दगडातली पोरं

राजाबिजा नाही हं आज. राजाने कधी दगड फोडलाय? ही गोष्ट यल्लव्वाची. डोंगरापलीकडच्या खाणीत ती एकटी दगड फोडायची. नवरा गेलेला, पोरबाळ नाही. पण हाताचा नेम असा, की फरशी वहीच्या पानासारखी उलगडायची.

एकदा काय झालं, अशीच एक फरशी उलगडली आणि आत पाच हातांचा तारा! दगडाचाच, बरं का. म्हणतो कसा, "बाबा आला का गं?"

"कुठला बाबा, मेल्या?"

"समुद्र. इथेच असायचा. थांबा, आलोच, म्हणाला नि गेला."

इथे समुद्र होता हे यल्लव्वाच्या खापरपणज्यालाही ठाऊक नव्हतं. पण तिला हसू येईना.

मग दुसरी फरशी फुटली. दुसरा तारा. त्याचंही तेच, बाबा आला का? मग तिसरी. तीत होती पोरगी, या ताऱ्यांची बहीण, इवलीशी, हात सापाच्या पिलांसारखे बारीक. आता पाथरवटाची खोड कशी, दगड हाती आला की हातोडीने वाजवून बघायचा, नाद खणखणीत आहे ना म्हणून. यल्लव्वाने सवयीने टुण् केलं. पोरीचे दोन हात गळून पडले!

पोरगी रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता बाबा ओळखेल ना गं मला?"

मग यल्लव्वाने टोपलीत भुसा अंथरला, तिघांना निजवलं आणि निघाली. तीन दिवस चालली. वाटेत पोरं तिला आई म्हणायला लागली. तिला वाटलं, समुद्र सापडूच नये.

सापडला. ती कडाडली, "अरे ए, पोरं टाकून कुठे हुंदडतोस?"

समुद्र धावत आला. त्याने तिघांना ओळखलं, थोट्या पोरीला सगळ्यांत आधी. कवटाळलं. पण लाटेला दगड झिजणारच. एकेका मिठीसरशी त्यांच्या अंगावरच्या रेघा पुसट होऊ लागल्या.

"चला रे माघारी," यल्लव्वा कळवळली. "माझ्याजवळ जन्मभर राहाल."

"तू जा, आई," पोरगी म्हणाली. "आम्ही लई वाट बघितली गं."

यल्लव्वाने ओढून आणलं नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहिली, तिघांची वाळू होईपर्यंत. मग रिकामी टोपली घेऊन घरी आली.

पोरं बापापाशी सुखात राहिली. यल्लव्वाही राहिली, जमेल तशी.

रडू येतंय? येऊ दे. डोळे मिटून रडा, म्हणजे झोप लागते.