ठिपकूचा ठिपका आणि हट्टी प्रिंटर

एक होता ठिपकू. गुंजेएवढा किडा. पाठ लाल, पाठीवर काळे ठिपके.

एकदा त्याची पाठ खाजली. त्याने ती एका घराच्या भिंतीला घासली. घस् घस् घस्. एक ठिपका गळून पडला. टप्.

वाटेने मुंगी चालली होती. तिला वाटलं, काळा तीळ. तिने तो खाऊन टाकला.

ठिपकूला रडू आलं. आई ठिपके बघून ओळखते. आता ती घरात घेईल का?

त्या घरात टेबलावर प्रिंटर होता. घरातल्या बाबांनी दुकानं पालथी घालून सगळ्यांत शहाणा निवडला होता. शहाणा होता, म्हणूनच हट्टी होता.

लुटुलुटु लुटुलुटु, ठिपकू गेला प्रिंटरकडे.

“प्रिंटरदादा, प्रिंटरदादा, एक काळा ठिपका दे.”

“पिवळी शाई संपली. पिवळी आण, मग काळा देतो.”

काळ्या ठिपक्याला पिवळी कशाला, ते त्या प्रिंटरलाच ठाऊक.

लुटुलुटु लुटुलुटु, ठिपकू गेला पिवळ्या शाईकडे. ती बाटलीत बसली होती.

“शाईताई, शाईताई, प्रिंटर ठिपका देईना. तू प्रिंटरात जा.”

“बाबा झाकण काढतील, मग जाते.”

लुटुलुटु लुटुलुटु, ठिपकू गेला बाबांकडे.

“बाबा, बाबा, शाई प्रिंटरात जाईना, प्रिंटर ठिपका देईना. तुम्ही झाकण काढा.”

“चष्मा नाकावर येईल, मग काढतो. नाहीतर पिवळी ओतेन निळीत, आणि सगळं होईल हिरवं.”

लुटुलुटु लुटुलुटु, ठिपकू गेला चष्म्याकडे.

“चष्मेबुवा, चष्मेबुवा, बाबा झाकण काढीनात, शाई प्रिंटरात जाईना, प्रिंटर ठिपका देईना. तुम्ही नाकावर या.”

“माझ्यावर बोका बसलाय. बोका उठेल, मग येतो.”

लुटुलुटु लुटुलुटु, ठिपकू गेला बोक्याकडे.

“बोकोबा, बोकोबा, चष्मा नाकावर येईना, बाबा झाकण काढीनात, शाई प्रिंटरात जाईना, प्रिंटर ठिपका देईना. तुम्ही उठा.”

“प्रिंटर मासा छापून देईल, मग उठतो. मासा पिवळा हवा.”

लुटुलुटु लुटुलुटु, ठिपकू पुन्हा प्रिंटरकडे.

“प्रिंटरदादा, प्रिंटरदादा, बोका उठेना, चष्मा नाकावर येईना, बाबा झाकण काढीनात, शाई प्रिंटरात जाईना. तू मासा दे.”

“पिवळी आण, मग देतो.”

ठिपकू मटकन खाली बसला. सगळं घर फिरला, आणि आला होता तिथेच.

मग त्याला राग आला. चांगलाच राग आला. तो बोक्याच्या नाकावर चढला आणि नाचला. गुदुगुदु गुदुगुदु.

आऽऽक् छी!

बोका उठला. चष्मा नाकावर आला. बाबांनी झाकण काढलं. शाई प्रिंटरात गेली. खर्र खट्, खर्र खट्. प्रिंटरने ठिपके दिले. एक नाही, पानभर. वर पिवळा मासाही दिला. बोका तो चाटत बसला, त्याची जीभ पिवळी झाली.

ठिपकूने एका ओल्या ठिपक्यावर पाठ टेकवली. टप्. आणि लुटुलुटु लुटुलुटु, घरी पळाला.

आई दारातच उभी होती.

“आला माझा ठिपकू,” ती म्हणाली, आणि तिने घट्ट मिठी मारली. पाठ बघितलीसुद्धा नाही.

शाई अजून ओली होती. अर्धा ठिपका पाठीवर राहिला, अर्धा आईच्या हाताला लागला.

“थांब आई, मी पुन्हा प्रिंटरकडे जाऊन येतो.”

“कुठे जायचं नाही. जेवायला बस.”

ठिपकू जेवला, आई जेवली, आणि आपल्या गोष्टीचंही पोट भरलं.