चौकटीवरचं नाव

रंगरावअण्णांचं नाव नसलेली वस्तू गावात शोधून सापडायची नाही. सोसायटीचे चेअरमन ते! शाळेच्या पंख्यापासून स्मशानातल्या बाकड्यापर्यंत सगळीकडे त्यांचंच 'सौजन्य'.

सोसायटीचा ट्रॅक्टर यसबा चालवायचा. ट्रॅक्टर उलटलाच तर चालक चिरडला जाऊ नये म्हणून सीटमागे जी लोखंडी चौकट असते, ती बुडाशी पार गंजली होती. दस्तगीर मिस्त्रीचा पेचकस तिच्यातून आरपार गेला.

"नवीच बसवायला हवी," मिस्त्री म्हणाला.

"काही नको! पट्टी जोड, वर रंग फास. दहा वर्षं हलत नाही," अण्णा गरजले.

यसबाला माळाचा उतार आठवला. पण चेअरमनपुढे बोलणार कोण?

मिस्त्रीने ब्रश उचलला. "बरं अण्णा. रंगावर ठळक लिहितो, 'ही चौकट भक्कम आहे. हमी देणार, रंगरावअण्णा.'"

अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "माझं नाव कशाला?"

"यसबा ज्यांच्या भरवशावर उतारावर जाणार, त्यांचं नाव नको?"

अण्णांनी यसबाकडे पाहिलं, ब्रशाकडे पाहिलं आणि ते पुटपुटले, "नवीच मागव."

दोन महिन्यांनी उतारावर ट्रॅक्टर उलटला. नव्या चौकटीखालून यसबा खरचटल्या कोपरानिशी निघाला, तो थेट मिस्त्रीच्या दारात. हात जोडताना त्याचे डोळे भरून आले.

"मिस्त्री, चौकटीवर तुमचं नाव घालतो."

मिस्त्री हसला. "अण्णांचंच घाल. आता ते नको म्हणायचे नाहीत."